तीनशे सत्तेचाळीस भांड्यांची कल्हई

उचगाव, जि. कोल्हापूर
बुधवार, ता. ७ नोव्हेंबर १९७९

कबनूरच्या विहीणबाई यल्लव्वाक्का यांना उचगावच्या चिमणाबाईचा डोईवर पदर घेऊन नमस्कार.

इकडं आम्ही दोघं जिवंत आन् धडधाकट हाय. तिकडं तुमचा गुडघा कसा हाय? मी एरंडाचं पान गरम करून बांधायला सांगितलंतं, ते तुम्ही बांधलं नसणार, कारण ते मी सांगितलंतं. व्याहीबुवांचा खोकला, जावईबापूंचे माग, तुमची म्हैस, सगळ्यांची चौकशी केली असं समजा. आमच्या नंदिनीची वेगळी चौकशी करत न्हाय. ती सुखात हाय हे मला माहीत हाय, आन् नसती तर तिनं ते कबनूरच्या चौकात उभं राहून सांगितलं असतं, आईवर गेलीय. मी चौथी शिकलेली बाई. एरवी मी पोस्टकार्डावर भागवते, तेसुद्धा अर्धं कोरं राहतं. आज वहीची पानं फाडून बसलेय, कारण गोष्ट कार्डात मावणारी न्हाय.

तुमच्या कानावर आलंच असंल की उचगावच्या विहिणीच्या घरावर कस्टमची धाड पडली. बाजारात तर मी सोनं आणलं असं बोलतात. (सोनं आणलं असतं तर मी चुलीपुढं बसून भाकरी थापल्या असत्या व्हय?) धाड-बिड काय न्हाय. एक साहेब आलता, एसटीनं, हातात ताणकाटा आन् पिशवीत डबा. पण तो का आला, हे दुसऱ्या कुणाच्या तोंडनं तुम्हाला कळण्यापरीस माझ्या हातनं कळलेलं बरं.

आमचा कारखाना तुम्ही बघितलाय. (सोयरीक करायला आलता तवा नाकाला पदर लावून दारातच उभ्या राहिलात, तरी बघितला म्हणायचं.) ओतकामाचा कारखाना. पाण्याच्या पंपात बसतात त्या बुशी आम्ही ओततो, जाड बांगडीसारख्या, गनमेटलच्या. गनमेटल म्हणजे तांब्यात दहावा हिस्सा कथील. कथील म्हणजे तेच, कल्हईचं. तांबं हितं मिळतं, पण चोख कथील मलायातनं बोटीनं मुंबईला येतं. कारखाना माझ्या नावावर हाय, कारण आमच्या ह्यांचं नाव भावकीच्या कोर्टात आधीच अडकलंय. तवा सही माझी, शिक्का माझा आन् बोलणी खायची ती बी मीच. ह्यांच्याकडं फक्त भट्टी. भट्टीशी ते जेवढं बोलतात तेवढं माझ्याशी सव्वीस वर्षांत बोलले न्हाईत. चौदा माणसं कामाला हाईत, आन् ती सगळी आमच्याच गल्लीतली. म्हणजे भट्टी थंड झाली तर चौदा चुली थंड आन् पंधरावी माझी.

औंदा आफ्रिकेत मोंबासा म्हणून गाव हाय, तिथनं ऑर्डर आली. सरकारची रीत अशी, की माल परदेशी जाणार असंल तर त्याला लागणारं कथील बिनजकातीचं आणा. मला वाटलं सरकार सुधारलं. पण जकात माफ केली म्हणजे सोडली असं न्हाय, हे मला वसंतरावानं सांगितलं. हा वसंतराव लक्ष्मीपुरीत जिन्याखाली टेबल टाकून बसतो. वर पाटी हाय, ‘आयात-निर्यातीचे कस्टमचे हिशेब पुरे करून मिळतील’. अर्ध्या कारखानदारांचे कागद तोच भरतो. माणूस चांगला हाय, पण बोलतो इतका हळू की जणू कागद झोपलेत आन् त्यांना उठवायचं न्हाय. त्यानं सांगितलंतं ते असं: जेवढं कथील आत आलं तेवढं मालाच्या पोटातनं परत देशाबाहेर गेलं पाहिजे. आलं किती, मालात गेलं किती, वितळताना जळालं किती, शिल्लक किती, असा तक्ता भरून द्यायचा. शिल्लक असंल ती साहेबाला डोळ्यानं दाखवायची. तक्ता जुळला म्हणजे हिशेब मिटला, मग पुढचं लायसन. न्हाय जुळला तर लायसन बंद, आन् मी बाँडवर सही ठोकलीय म्हणून दारात जप्ती. थोडक्यात, लेकीगत हाय बघा ते कथील. घरात वाढतंय, पण परक्याचं धन. (हा टोमणा न्हाय.)

आता हे सगळं तो वैशाखात सांगत होता आन् मी चटणी कुटत होते. बारा किलो मिरची. माझी मान हलत होती ती मुसळाबरोबर, त्यानं ती हो म्हणून धरली. पुढच्या सगळ्याला हे एवढंच कारण हाय, पण तक्त्यात चटणीला रकाना न्हाय.

श्रावणात कथील आलं. दोनशे किलो, पंचवीस-पंचवीसच्या आठ लाद्या. यल्लव्वाक्का, तुम्ही चांदी बघितली असंल, पण चोख कथील बघितलं नसंल. पांढरं, मऊ, आन् पातळ पट्टी वाकवली की कर्र करून रडतं. आमचे हे पट्टी कानाशी धरून वाकवायचे आन् हसायचे. लग्नात सुद्धा एवढं हसले नव्हते. ह्यांनी ते इतकं जिवापाड वापरलं की जळायचं त्याच्या निम्मंच जळालं. बुशी झाल्या, पेट्या भरल्या, दसऱ्याआधी बोटीवर चढल्या, आन् मागं उरला एक तुकडा. नऊ किलो. पाटावरवंट्यातल्या वरवंट्याएवढा, कपाटावर पडलेला. आता आमच्या घराची रीत एकच. उरलं ते घरचं. जोंधळ्याचं पीठ उरू दे, खणाचं कापड उरू दे, न्हाय तर मलायाचं कथील उरू दे. मी त्या तुकड्याकडं बघितलं आन् मला केरबा आठवला.

केरबा कल्हईवाला तुम्हाला ठाऊक न्हाय. वर्षातनं एकदा, दिवाळीच्या आधी, तो आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिंपरणीखाली खड्डा खणून भाता लावतो. आमच्यात कुणी एकटीनं कल्हई लावून घेत न्हाय. गल्ली मिळून लावते. एका घरानं कोळसा द्यायचा, एकीनं नवसागर, एकीनं केरबाला दोन दिवस जेवू घालायचं, आन् एका घरानं सगळ्या गल्लीचं कथील द्यायचं. दर साली पाळी फिरते. आन् भाता सुरू झाला की आलेलं भांडं माघारी लावायचं न्हाय, मग ते कुणाचं का असंना. गेल्या साली कथलाची पाळी बायडाबाईची होती. तिनं बाजारातनं असलं शिसं मिसळलेलं आणलं की पंधरा दिवसांत भांडी काळी आन् ताक हिरवं. वर्षभर मी तिला ताकावरनं बोलले. पाणवठ्यावर बोलले, हळदीकुंकवाला बोलले, तिच्या पोराच्या बारशात सुद्धा बोलले. आन् औंदा पाळी माझी. मग काय मी बाजारचं शिसं आणू व्हय?

मी तुकडा उचलला आन् पिंपरणीखाली केरबाच्या पुढ्यात टाकला. त्यानं तो दातानं चावून बघितला आन् मला म्हणाला, मावशी, असलं कथील मी संस्थानच्या काळात बघितलंतं, त्यानंतर आज. झालं. ही बातमी एका घटकेत उचगावभर. आमची गल्ली आली, मागली गल्ली आली, ज्यांच्याशी मी बोलत न्हाय त्या सुद्धा भांडी सुनांच्या हाती देऊन आल्या. घागरी, हंडे, पातेली, परात, वेळण्या. आन् नंदिनीनं तुम्हाला सांगितलं म्हणून तुमची एक्केचाळीस भांडी टेम्पोनं कबनूरहून आली. मी माघारी लावली का? न्हाय लावली. (त्यातल्या एका तांब्याचा काठ येताना दबला, त्यावरनं तुम्ही पाडव्याला फराळाचा डबा पाठवला न्हाय, हे माझ्या ध्यानात हाय. तो काठ टेम्पोत दबलाय.) दोन दिवस भाता चालला. नवसागराचा पांढरा धूर नि कापसाचा बोळा, आन् भांड्याच्या पोटात असा लख्ख चंद्र उगवायचा की बायडाबाईनं आपल्या हंड्यात वाकून कुंकू नीट केलं. मला काय बोलली न्हाय. पण कुंकू त्यात बघूनच नीट केलं, हे मी बघितलं. मला दिवाळी तिथंच पावली.

दिवाळी होऊन आठ दिवस झाले आन् वसंतराव तक्ता घेऊन आला. आलं दोनशे. मालात गेलं एकशे शहाऐंशी. जळालं पाच. शिल्लक नऊ. त्यानं चष्मा पुसला आन् हळूच म्हणाला, चिमणाबाई, ती नऊची लादी जरा काढून ठेवा, साहेब बघायला येतील. मी त्याला हात धरून पिंपरणीपाशी नेलं आन् राखेचा खड्डा दाखवला. त्याला आधी कळलंच न्हाय. मग शेजारच्या बयाबाईची घागर उलटी करून आतलं दाखवलं. मग कळलं. तो तिथंच केरबाच्या दगडावर बसला आन् पाणी मागितलं. पाणी बी मी त्याच घागरीतनं दिलं, माझ्या मनात काय नव्हतं.

पाणी पिऊन त्याला वाचा फुटली. त्यानं मला तीन वाटा सांगितल्या. पहिली, जळालं म्हणून लिहायचं. पण पाचाच्या जागी चौदा जळालं लिहिलं की आमच्या ह्यांच्या हाताला बट्टा, आन् हे ऐकल्यावर आमचे हे सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तीन वाक्यं सलग बोलले. ती हितं लिहीत न्हाय. दुसरी, चोरी झाली म्हणून लिहायचं. मग पोलीस आधी कुणाला धरणार? आमच्याच चौदा माणसांतलं कुणाला तरी, आन् तेही त्याच्याच घरच्या हंड्यासकट. तिसरी, पुरात वाहून गेलं. मी म्हटलं, वसंतराव, पूर आषाढात आलता, कथील त्याच्यानंतर आलंय, आन् कथील वाहत न्हाय, बुडतं. तो म्हणाला, साहेबाला कुठं माहीत हाय. म्हणजे बघा, जे आपल्याला माहीत हाय ते साहेबाला माहीत नसावं ह्यावर ह्या माणसाचा सगळा धंदा उभा. मी त्याच्या हातातनं पेन घेतलं आन् शिल्लकच्या रकान्यापुढं माझ्या हातानं लिहिलं: नऊ किलो कथील दिवाळीला कल्हईत गेलं. भांडी मोजून सांगते. मग गल्लीत दारोदार जाऊन एकेक भांडं मोजलं. तुमची एक्केचाळीस धरून तीनशे सत्तेचाळीस. नावंनिशी यादी मागल्या पानावर. खाली सही, चिमणाबाई. वसंतराव म्हणाला, बत्तीस वर्षांत असला तक्ता कुणी दिला न्हाय. मी म्हटलं, बत्तीस वर्षांत कुणी खरं बोललं नसंल.

आन् मग साहेब आला. तीस-बत्तीस वर्षांचा, बारीक, पार नागपूरकडचा. त्याच्याकडं बघून मला राग यायला पायजे होता, पण त्यानं बूट दाराबाहेर काढले तवा मोज्याला भोक दिसलं आन् निम्मा राग गेला. त्यानं तक्ता वाचला, परत वाचला, मागलं पान वाचलं. त्यात त्यानं बोट ठेवून विचारलं, बायडाबाई, हंडे दोन, पातेली चार, तांब्या एक, हे काय हाय? मी म्हटलं, ती शिल्लक हाय साहेब, बघून घ्या. त्याच्या नियमात असं लिहिलंय म्हणे, की शिल्लक माल प्रत्यक्ष बघितल्याबिगर सही करायची न्हाय. माणूस नियमाचा. तो उठला आन् गल्लीतनं निघाला, मागं वसंतराव, मागं मी, मागं निम्मी गल्ली.

पहिल्याच घरात बयाबाईच्या पातेल्यात आमटी होती. त्यानं म्हटलं, पातेलं रिकामं करा. बयाबाई म्हणाली, जेवणाच्या वेळेला आलाय पावणं, रिकामं करायचं तर बसा पाटावर, आपसूक रिकामं होतंय. न्हाय म्हणावं तर त्याचा डबा आमच्याच घरी राहिलता. बसला. दोन भाकरी आन् सगळी आमटी संपवली, मग तळ बघितला आन् वहीत खूण केली. दुसऱ्या घरात कढी. तिसऱ्या घरापासनं तो, तुमचं झाकलेलं राहू दे, मी वासावरनं ओळखतो, असं म्हणायला लागला. अशी साठ-सत्तर भांडी बघितली. प्रत्येक भांड्यात वाकून त्याला स्वतःचं तोंड दिसत होतं. ते कायद्यात कुठं बसवायचं हे त्याला कळंना.

पण नंतर त्यानं जे विचारलं ते मात्र अवघड होतं. म्हणाला, कल्हई दिसतीय, कबूल. पण ती नऊच किलोची हे कशावरनं? चार किलो लावून पाच विकलं नसंल कशावरनं? भांड्यांची वजनं आधी करून ठेवलीत का? आता यल्लव्वाक्का, भांडं कल्हईला देताना त्याचं वजन कोण करतं? नवऱ्याला कामाला धाडताना करतो का? मग त्यानं सुचवलं की थोडी कल्हई खरवडून बघू. त्या एका शब्दानं गल्ली अशी पेटली, की केरबाचा भाता बरा. बायडाबाई, जी वर्षभर माझ्याशी फटकून वागली, ती पुढं झाली आन् म्हणाली, ही चिमणाबाईची कल्हई हाय, हात लावून बघा. तिच्या हातात उलथनं होतं. तुम्हाला खरं सांगते, मला भरून आलं. मी ते दाखवलं न्हाय.

शेवटी तोड त्यानंच काढली, माणूस डोक्यानं बरा हाय. नऊ किलो भागिले तीनशे सत्तेचाळीस, म्हणजे भांड्यामागं सव्वीस ग्रॅम. येत्या शुक्रवारी तो परत येणार, तीनशे सत्तेचाळीस चिठ्ठ्या टोपलीत टाकणार आन् एक उचलणार. ज्याची चिठ्ठी निघंल ते एकच भांडं खरवडायचं. लहानमोठं भांडं बघून थोडंफार इकडंतिकडं चालंल, पण सव्वीसच्या जवळपास भरलं तर नऊ किलो खरं. तेवढ्याची जकात भरून घ्यायची, हिशेब मिटला, लायसन मोकळं. आन् ते भांडं तो स्वतःच्या खिशातनं परत कल्हई करून देणार. न्हाय भरलं तर मात्र त्याचा हात चालणार न्हाय, कागद वर जाणार, आन् वर गेलेला कागद सहा महिने खाली येत न्हाय. तोवर आमची भट्टी थंड. चिठ्ठीत तुमचं भांडं निघालं तर तो कबनूरला येणार. मी सगळ्याला हो म्हटलं आन् सही केली. मला कशाची भीती? नऊ किलो दिलंतं, माझ्या हातानं, दिवसाढवळ्या. जाताना त्यानं बयाबाईला आमटीत काय घालतेस विचारलं आन् लिहून घेतलं.

तर एवढीच हकीकत हाय. धाड न्हाय, सोनं न्हाय, जप्ती न्हाय. कुणी विचारलं तर असंच सांगा, आन् न विचारता बी सांगा, तुम्हाला ते जमतं. थंडी पडलीय, गुडघा झाकून बसा. व्याहीबुवांना माझा नमस्कार, नंदिनीला आशीर्वाद, म्हशीला वैरण. आपल्यात दबलेल्या तांब्यावरनं जे झालं ते झालं, मी मनात ठेवलं न्हाय, फक्त पत्रात लिहिलंय.

तुमची विहीण,
चिमणाबाई

ता. क. — पत्र पुरं करून घडी घालत होते तर दारात केरबा. त्याच्या हातात फडक्यात बांधलेलं काय तरी. म्हणाला, मावशी, दिवाळीत गडबडीत तुमचं कथील माझ्या पेटीत राहिलं, आज पेटी झाडली तवा सापडलं, गरिबाच्या घरात दुसऱ्याचं ठेवू नये. आमच्या ताणकाट्याला लावलं. साडेतीन किलो. म्हणजे कल्हईला गेलं साडेपाच. म्हणजे भांड्यामागं सोळा ग्रॅम. आन् सही मी केलीय सव्वीसवर. असला प्रामाणिक माणूस मी आयुष्यात बघितला न्हाय आन् ह्यापुढं बघायची इच्छा न्हाय.

ता. क. २ — वसंतरावाला बोलावलं. तो परत त्याच दगडावर बसला. म्हणाला, कमी भरलं तर माणूस निष्काळजी ठरतो, जास्त सापडलं तर चोर. साहेबाला सांगावं तर कागद वर जातो. त्यापेक्षा नदीत टाका. साडेतीन किलो चोख कथील नदीत? आन् मग मी लिहिलेलं खोटं ठरणार ते वेगळंच. मी त्याला म्हटलं, वसंतराव, मी खोटं लिहिलेलं न्हाय. मी जरा लवकर लिहिलंय. केरबानं आत्ता खड्डा उकरलाय आन् भाता लावलाय. भांड्यामागं दहा ग्रॅम, दुसरा हात. नवी भांडी चालायची न्हाईत, आकडा तीनशे सत्तेचाळीसच राहिला पायजे, तवा तीच भांडी परत. चिठ्ठी कुणाची निघंल सांगता येत न्हाय, म्हणून एक सुद्धा सुटता कामा नये. गल्लीतली तीनशे सहा पिंपरणीखाली रांगेला लागली बी. बायडाबाईनं न सांगता कोळसा आणला. आता राहिली तुमची एक्केचाळीस.

ता. क. ३ — हे पत्र पोस्टानं आलेलं न्हाय हे तुम्ही बघितलंच असंल. ज्यानं आणून दिलं तो टेम्पोवाला हाय, आन् टेम्पो तुमच्या परड्याच्या बाजूला उभा होता. नंदिनीला त्याच्याच हातनं वेगळी चिठ्ठी दिलीय, चार ओळींची. तिला भांडी भरायला जेवढा वेळ लागंल तेवढं लांब हे पत्र आपसूकच झालंय. आत्तापर्यंत तो वाटेतली रुकडी ओलांडून गेला असंल, तवा गुडघ्याला ताण देऊन उठू नका. तांब्या ह्या वेळी गोधडीत गुंडाळायला सांगितलाय. उद्या दिवेलागणीच्या आत सगळी माघारी येतील. तोवर स्वयंपाक कशात करू असं विचारू नका. एक्केचाळिसात जी सहा जर्मनची, म्हणजे अल्युमिनची, भांडी तुम्ही पितळीची म्हणून पाठवलीत, त्यांना कल्हई धरत न्हाय, ती मी नंदिनीला ठेवून घ्यायला सांगितलीत. यादीत ती पितळीचीच लिहिलीत. शुक्रवारी चिठ्ठी त्यातली निघाली तर आपण दोघी मिळून बुडू, म्हणून आज तुमच्या देवाला दिवा लावा, माझ्याही नावानं.